चार ते पाच

नवं स्वादुपिंड बसवल्यापासून सिग्नेची साखर दिवसभर ताब्यात असायची. फक्त रोज दुपारी चार ते पाच ती तीनशेवर चढायची.

"खरं सांग, काय चोरून खातेस?" आज आर्विडनेही, तिच्या नवऱ्याने, डॉक्टरांसारखंच विचारलं.

सिग्नेचं डोकं फिरलं. "चाळीस वर्षं पोटात सुया खुपसल्या, नाताळात कुकीला शिवले नाही, आणि मी चोर?"

तेवढ्यात टपाल आलं. अपघातात गेलेल्या ज्या मुलाचं स्वादुपिंड तिला मिळालं होतं, त्याच्या आईला तिने इस्पितळामार्फत आभाराचं निनावी पत्र धाडलं होतं. हे त्याचं उत्तर होतं.

'आभार कसले मानता, बाई? रोज चारला त्याला घरी पाठवता आणि पाच वाजले की ओढून नेता! निदान रविवारी तरी माझ्या लेकराला जेवेपर्यंत राहू द्या.'