रूम टेंपरेचर

मधुकररावांनी घोट परत ग्लासातच सोडला.

"हे वाईन होय का खोकल्याचं औषध?"

चंद्रकुमारनंही चव घेतली. त्यानं तोंड वाकडं केलं नाही, फक्त ग्लास दोन बोटांनी दूर सारला. मेघाला ते दूर सारणंच जास्त लागलं.

लाखनीच्या हायवेवरचं हे हॉटेल चंद्रकुमारचं. बारचा परवाना नवाकोरा. मेघा उन्हाळा लागल्यापासून इथं ट्रायलवर होती. हॉटेलात कोणती रेड वाईन ठेवायची ते तिनं ठरवायचं. ती पसंत पडली तर बार तिच्या हाती आणि नोकरी पक्की. तिनं मोठ्या कंपनीची, कुठंही मिळणारी, मध्यम किमतीची बाटली निवडली. जंगल पाहायला जाणारी कुटुंबं इथं जेवायला थांबतात, त्यांना परवडली पाहिजे, असा तिचा हिशेब. नागपूरच्या ट्रेनिंगमध्ये तिनं ती चाखली होती. आधी जांभूळ, मागून आवळ्यासारखा तुरटपणा. आज तिनंही एक घोट घेतला. जांभूळ नाही, आवळा नाही. नाकात स्पिरिट आणि जिभेवर नुसती जळजळ.

"भाचेबुवा, म्यां पहिलेच म्हटलं होतं," मधुकरराव खुर्चीत मागे रेलले. नागपुरात त्यांचे स्वतःचे बार होते आणि ते कोणाला विसरू देत नसत. "हा कारखान्यातला माल. एका टाकीतून गावभर बाटल्या. माह्यी आणलेली खोलून पाह्य. अन् मॅनेजर पाहिजे तं माह्याजवळ एक पोट्टा आहे. हे लेकुरवाळ्या बाईचं काम नोहे."

चंद्रकुमारनं मेघाकडे न बघताच सांगितलं, "मॅडम, मामाजींची बाटली खोला. तिकडूनच ग्लास भरून आणा."

मेघा दोन्ही बाटल्या उचलून स्वयंपाकघरात गेली. मामाजींची विलायती बाटली गाडीतल्या बर्फाच्या डब्यातून आलेली, अजून सीलबंद. तिची बाटली सकाळपासून काउंटरवर उभी. ट्रेनिंगमध्ये तसंच सांगितलं होतं, रेड वाईन रूम टेंपरेचरला द्यायची. ते वाक्य तिनं पाठ केलं होतं.

तिनं आधी घरी फोन लावला. दीड वर्षाची गुंजन रात्रीपासून तापात होती. अशा पोरीला टाकून आलीस, असं घरात कोणी म्हटलं नव्हतं. पण नोकरी गेली तर मात्र सगळेच म्हणणार होते.

"कायले घडीघडी फोन करून राहिली?" सासूबाई, केशरबाई, ओरडल्या. "उतरला ताप. पट्ट्या ठेवल्या, अंग पुसून काढलं. खेळून राहिली तुही पोट्टी."

"चिडचिड करते का हो अजून?"

"अवो, तापात कोनतं लेकरू सुधं राह्यते? सकाळी मले चावली. आता पापा देऊन राहिली. पोट्टी तेच होय ना!"

मेघानं फोन ठेवला आणि तशीच उभी राहिली. छपराचा पत्रा तापून कडकड वाजत होता. बाहेर मे महिन्याच्या उन्हात रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं. तिनं हाताची उलटी बाजू हळूच आपल्या बाटलीला लावली, रात्रभर गुंजनच्या कपाळाला लावत होती तशी. काच तापलेली होती.

ज्यानं ते रूम टेंपरेचरचं वाक्य लिहिलं, त्याची रूम कुठल्या गावात होती देव जाणे. लाखनीत नक्कीच नव्हती.

तिनं बादलीत बर्फ ओतला, वर पाणी, आणि ती बाटली त्यात उभी केली. स्वयंपाकीण मंदाबाई पोळी लाटता लाटता बघत राहिली.

"बाटलीले आंघोळ घालून राहिली का वो?"

मेघानं बाटली गळ्यापर्यंत खाली दाबली. ओला नॅपकिन पिळून तिनं बाटलीच्या मानेला गुंडाळला. बाहेरून मधुकररावांची हाक आली, "झोपली का बाई?" ती हलली नाही. पुन्हा हात लावून पाहिला. अजून नाही. पुन्हा लावला. मग तिनं एक चमचा वाईन आपल्या जिभेवर घेतली, डोळे मिटले आणि ग्लास भरले.

मधुकररावांनी ग्लास नाकाशी नेला. या वेळी दोनदा हुंगला. घोट तोंडात घोळवला, गिळला, पुन्हा घेतला.

"याले म्हणतात वाईन!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "पाह्य, जांभळासारखी लागते का नाही? कशी गोड बोलून राहिली जिभेसंग!"

चंद्रकुमारनं ग्लास रिकामा केला. "मस्त आहे मामाजी. मानलं."

"मग? अरे, ज्यानं हे वाईन निवडली त्याची जीभ पाह्य! त्याच्याच हाती द्यायचा बार. डोळे मिटून."

"दिला," चंद्रकुमार म्हणाला. "मॅडम, बाटली आणा. लेबल तरी पाहू."

मेघानं दोन बाटल्या आणून टेबलावर ठेवल्या. एक मामाजींची, सील न तुटलेली. दुसऱ्या बाटलीचा ओला नॅपकिन तिनं सावकाश सोडला.

मधुकररावांनी लेबल वाचलं. मग आपल्या बाटलीचं सील बघितलं. मग पुन्हा लेबल.

"पण हे तं... मघाचीच होय."

"मघाचीच होय मामाजी," मेघा म्हणाली. "ताप होता तिले. उतरला."