एकाच क्लबचे दोन पक्ष

एकाच फुटबॉल क्लबच्या चाहत्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर भूगोलाच्या निवृत्त बाई आणि एक प्लंबर यांची गेली सहा वर्षं दर सामन्याला जुंपायची. गोल हुकला की बाई त्याच्या राजकीय पक्षाला धारेवर धरायच्या, आणि पंचाने कार्ड दाखवलं की तो बाईंच्या पक्षाची सालटी काढायचा. भेट मात्र कधीच झाली नव्हती.

त्या शनिवारी सामना सुरू होताच बाईंनी लिहिलं, "स्वयंपाकघरातला पाइप फुटलाय. आज मी नाही."

"पत्ता टाका," प्लंबरने कळवलं.

वीस मिनिटांत तो दारात हजर झाला. पाइप बसवून, हात पुसून निघाला, तेव्हा बाई म्हणाल्या, "अरे, दुसरा हाफ बघून जा की."

थोड्याच वेळात ग्रुपवर भडका उडाला.

"आपला गोलकीपर तुझ्या नेत्यासारखाच, नुसता उभा!"

"आणि आपला स्ट्रायकर तुमच्या नेत्यासारखा, कायम ऑफसाइड!"

पाइप दुरुस्त झाला म्हणायचा, असं वाटून ग्रुपचा जीव भांड्यात पडला.

बाईंच्या सोफ्यावर दोघं शेजारी शेजारी बसून मान खाली घालून टाइप करत होते. तोंडावर एवढं बोलायचा दोघांनाही संकोच वाटत होता.