एक्केचाळीसचा उन्हाळा

वैजयंती खरं तर नदीकाठचे तीनशे वर्षांपूर्वीचे दगडी पाट शोधायला आली होती. पण कुठल्या साली कुठल्या वावरात किती दिवस पाणी उभं होतं, हे तिचं यंत्र चिमूटभर मातीवरून सांगतं, असं गावाला कळलं आणि तंबूबाहेर साल लिहिलेल्या चिठ्ठ्या घेऊन रांग लागली. तीनशे वर्षांचं कुणालाच काही नको होतं. प्रत्येकाला आपापल्या भांडणाचा निकाल हवा होता.

आजचे एकविसावे होते ऐंशीच्या घरातले हर्षल खैरनार.

"दोन हजार एक्केचाळीसचा उन्हाळा बघा, ताई. आमचे आबा पाटकरी, गावाला पाणी वाटायचे. पाटाच्या दाराची किल्ली त्यांच्या उशाखाली. दादानं ती लांबवली आणि पाणी खालच्या गावाला सोडलं. सासुरवाडी ना त्याची! माझा ऊस उभा वाळला. भांडून भांडून शेवटी बोलणंच टाकलं मी त्याच्याशी."

वैजयंतीनं डोळे चोळत काठच्या मातीचे नमुने यंत्रात पाहिले. "पाणी खाली गेलंच नाही, काका. सतरा दिवस इथेच काठच्या गायरानात होतं. गवताला."

हर्षल मागच्या बाकावर टेकले.

"त्या दुष्काळात गावातलं एक जनावर मेलं नव्हतं," ते म्हणाले. "आम्ही दोघं भाऊ त्या किल्लीवरून भांडायचो, तेव्हा आबा मान खाली घालून जेवायचे."

"पुढचे कोण?" वैजयंतीनं कंटाळून हाक दिली.

काठी टेकत एक म्हातारा आत आला. त्याच्या चिठ्ठीवरही एक्केचाळीसच लिहिलं होतं.

हर्षल बाकावरून उठले नाहीत. फक्त थोडे सरकले.

"बस, दादा."