तळाला गेलेला खडा

भर दुपारी, ऑन्टारियोतल्या एका गोठलेल्या सरोवरावर, लोर्नच्या मासेमारीच्या खोपटीत मासे तळले जात होते आणि त्याची मेहुणी मेव्हिस धंद्याचं बोलत होती. लोर्नचा जन्म अणुभट्टीला लागणाऱ्या जड पाण्याच्या कारखान्यात गेलेला. तिला त्या पाण्याचं चेहऱ्याला लावायचं क्रीम बाजारात आणायचं होतं.

"दाजी, तोंडाला लावलं तर अपाय नाही ना?"

"घोटभर प्यायलीस तरी काही होत नाही. पण लिटरला हजार डॉलर मोजशील."

"महाग असलं की बायकांना गुण येतोच. पण खरं आहे हे ओळखायचं कसं?"

"त्याचा बर्फ साध्या पाण्यात तरंगत नाही. बुडतो."

साधा बर्फ कसा तरंगतो ते दाखवायला त्याने मासे धरायला बर्फात पाडलेल्या भोकाच्या काठाचा एक खडा फोडला आणि घरून आणलेल्या पाण्याच्या ग्लासात टाकला.

खडा तळाला जाऊन टिक् वाजला.

मेव्हिस खळखळून हसली. "हातचलाखी पुरे." तिने स्वतः दुसरा फोडून टाकला. टिक्.

"अहो दाजी, आपण गडगंज झालो की. सगळं सरोवर याच बर्फाने भरलंय." ती बोटांवर लिटर मोजू लागली. बाहेर कुणाची तरी गाडी बर्फावरून आरामात गेली.

लोर्न भोकाकडे बघत होता. सकाळी पाणी काठाच्या चार बोटं खाली होतं. आता ते काठावरून वाहत शेगडीच्या पायांपर्यंत आलं होतं.

"दाजी," मेव्हिस हसत म्हणाली, "तुम्ही पाय वर का घेतलेत?"