पिकअपचे पाटे

सहदेव स्वतःच्याच पिकअपच्या हौद्यात गादीवर उताणा पडला होता आणि दत्ताराम मेकॅनिक ती गाडी मुंबईतल्या असल्फाच्या उतारावरून चौथ्यांदा खाली आणत होता. रस्त्यावरची माणसं बघून हसत होती. हसू देत. पन्नाशी उलटलेला गडी भरदुपारी उशीवर डोकं टेकून गाडीतून फिरतोय म्हटल्यावर कोणीही हसेल.

वळण आलं तसा सहदेव गादीसकट डाव्या फळीला जाऊन चिकटला. पुढे गतिरोधक होता. दत्तारामने अगदी जपून गाडी त्यावर चढवली, तरी उतरताना मागचा भाग आपटलाच. गॅरेजसमोर गाडी थांबली तेव्हा सहदेवने कमरेवर हात ठेवला आणि पटकन काढला. दत्तारामने आरशात ते पाहिलं होतं.

सहदेवच्या बायकोला, रुक्मिणीला, या गाडीतून गावी न्यायचं होतं. देवगडच्या अलीकडे, चांगलं चारशे किलोमीटर. तिच्या मणक्यात गाठ होती आणि हाडं पापडासारखी झाली होती. डॉक्टर आता फक्त दुखणं कमी करायची औषधं देत होते. एक जोराचा दचका बसला तर कमरेखालचं सगळं जाईल, हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं. पण तिला एकदा आपल्या घरासमोरच्या खळ्यात बसायचं होतं. दुसरं काही मागत नव्हती बिचारी.

रुग्णवाहिका मात्र नको म्हणाली. त्यांच्या वाडीत मुंबईची रुग्णवाहिका शिरली की बायका आधी चुली विझवतात, कारण तिच्यातून मेलेलं माणूसच येतं. मी जिती असताना माझ्यासाठी कोणी चूल विझवायची नाही, असं तिने निक्षून सांगितलं. मग सहदेव तरी काय करणार? गाडी घेऊन दत्तारामकडे आला.

आता याच गाडीला चार वर्षांपूर्वी सहदेवने मागच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, दोन जादा पाटे घालून घेतले होते. फरशीच्या जास्त लाद्या वाहता याव्यात म्हणून. गाडी बनवणाऱ्यांपेक्षा ह्यालाच अक्कल जास्त ना! मागची कमान अशी कडक झाली की खड्ड्यात गाडी दगडासारखी आपटायची. लाद्या कुठे तक्रार करतात.

दत्तारामने सोमवारी ते दोन्ही पाटे काढले. गाडी मऊ झाली, पण वळणावर झुलायला लागली. मग त्याने नवे शॉकअप बसवले आणि झुलू नये म्हणून मागच्या चाकांमध्ये आडवा लोखंडी बार टाकला. झुलणं कमी झालं, तर एका चाकाचा खड्डा दुसऱ्या चाकालाही जाणवायला लागला. टायरमधली हवा उतरवून झाली. रिकामी पिकअप उड्या मारते म्हणून हौद्यात वाळूची पाच पोतीही टाकून झाली. चार दिवस दत्ताराम गाडीखालीच होता.

"अजून एक पाटा काढून बघ," सहदेव खाली उतरत म्हणाला.

"आता काढला तर भोस्ते घाटात आडवी होईल ती," दत्ताराम म्हणाला. "मऊ केली की झुलते, कडक केली की आपटते. मी आणखी महिनाभर खाली झोपलो तरी याच्यापुढे नाय जाणार, सहदेव. माल वाहायची गाडी आहे रे."

सहदेवने गादी पुन्हा मधोमध सरकवली, चादर ताणली आणि मुलीला, श्रुतिकाला, फोन केला. आईला घेऊन ये म्हणाला. एक फेरी मारून बघू, तिला सोसलं तर उद्या पहाटे निघू.

घर मागच्याच गल्लीत होतं. शेजाऱ्यांनी रुक्मिणीला खुर्चीत बसवून आणलं आणि चौघांनी उचलून गादीवर निजवलं. निजवताना ती एकदाच कण्हली. श्रुतिका तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. सहदेवने वरून ताडपत्री ओढली, पुढे जाऊन बसला आणि इंजिन चालू केलं.

तेवढ्यात समोर पाण्याचा टँकर येऊन गल्लीच्या तोंडाशी आडवा थांबला. ड्रायव्हर पाइप जोडायला उतरला. दत्तारामने त्याला हाका मारल्या, हातवारे केले, पण टँकर काही हलेना. सहदेव स्टिअरिंग धरून बसून राहिला. इंजिन सुरूच होतं आणि त्याच्याबरोबर अख्खी गाडी थरथरत होती. पाच-सात मिनिटं अशीच गेली.

शेवटी त्याने इंजिन बंद केलं आणि मागे येऊन ताडपत्री वर केली. थोडं थांबावं लागेल, एवढंच त्याला सांगायचं होतं.

रुक्मिणीचा चेहरा घामाने भिजला होता. चादरीचं टोक तिने मुठीत आवळून धरलं होतं. त्याला बघून तिने मूठ सोडली आणि हसायचा प्रयत्न केला.

"काय एक दुखला नाय हो," ती म्हणाली. "वळान कळलासुद्धा नाय. बरी झाली गाडी. आता गावाक जावया."

श्रुतिकाने तोंड फिरवलं.

"जाऊया," सहदेव म्हणाला.

गाडी अजून जागची हललीही नव्हती.