पहाटेचं पहिलं पाऊल

"दहापैकी किती दुखतं?" वैदेहीनं विचारलं.

"दोन. आणि दवाखान्यातली डॉक्टरीण घरी आणू नकोस," म्हणत आई भाकरी थापायला ओट्याशी उभी राहिली.

"टॉवेलनं तळपाय ताणतेस ना रोज?"

"ताणते की."

आठवडाभर आईच्या सपातांत राहून तिच्या प्रत्येक पावलाची कळ नोंदवणारे सोल वैदेहीनं काढून स्वतःच्या सपातांत घातले. पेशंटची टाचदुखी तिच्यासारख्या फिजिओथेरपिस्टला स्वतःच्या टाचेत जशीच्या तशी कळावी, म्हणूनच ते बनवलेले होते. व्यायामाची एकही नोंद त्यांत नव्हती. तिनं मोबाइलवर आजची पहाटे पाच दहाची नोंद निवडली. पाणी भरायला उठताना आईनं टेकलेलं ते पहिलं पाऊल होतं.

टाच टेकताच वैदेही किंचाळली आणि भिंत धरून खाली कोसळली. सपाता भिरकावल्या, तरी कळ उतरेना.

"काय गं, पाय मुरगळला?" पिठाच्या हातांनीच आई धावत आली.

"आई, आधी तू खाली बस."

"मला काय झालंय? थांब, पाणी आणते."

वैदेहीनं तिचा पदर धरायला हात पुढे केला, पण तो पोचला नाही. आई जराही न लंगडता स्वयंपाकघराकडे निघाली. तिच्या प्रत्येक पावलाला वैदेही डोळे मिटत राहिली.