खोक्याखालचं लाटणं

"मादी बाहेर गेली," निमिष शिडीवरून हळूच म्हणाला. "पप्पा, पक्कड द्या. दहा मिनिटं आहेत."

विद्याधर खाली उभे होते. पक्कड त्यांच्याच हातात होती. त्यांनी ती दिली नाही.

पंपाच्या खोलीच्या भिंतीवर लाकडी खोका. चिकूच्या पेटीच्या फळ्या ठोकून केलेला, पुढे एक गोल भोक. आत दयाळ पक्ष्याचं घरटं. आणि भोकाच्या खाली, तारेने आवळून आडवं बांधलेलं लाटणं. निमिषच्या आईचं.

निमिषने खोक्याचं झाकण बोटभर उचललं, मोबाईल आत धरून फोटो काढला आणि वाकून खाली दाखवला. निळसर अंडी, वर तपकिरी ठिपके.

"चारही आहेत."

"मग झालं की. कशाला हात लावतोस?"

"कावळा, पप्पा. सकाळपासून दोनदा आला. लाटण्यावर बसला की चोच सरळ आत. आज मादी आत होती म्हणून वाचली अंडी. दयाळाला बसायला काही लागत नाही. तो भोकाला धरतो आणि घुसतो."

"हे मोबाईलमध्ये बघितलंस?"

"मोबाईलमध्ये पण. आणि आत्ता डोळ्यांनी पण."

कुंपणापलीकडून सिप्रियनकाकांनी मान वर काढली. शिडी त्यांचीच होती. "काय रे, पाळणा बांधतोय की पाडतोय?"

"काका, हळू ना. ती येईल."

"बरं बाबा, गप." आणि ते खरंच गप्प झाले, कुंपणाला रेलून.

विद्याधर म्हणाले, "तुझी आई म्हणायची, दारात आलेल्याला आधी बसायला द्यायचं. पक्षी असला म्हणून काय झालं? आधी बांबूची काडी होती तिथे, तिनेच लावलेली. ती गेली त्याच महिन्यात काडी कुजून पडली. मग मी हे बांधलं. घरात चपात्या कोण लाटणार होतं?"

निमिष एक पायरी खाली उतरला.

"मागच्या वर्षी पण अंडी होती ना? तुम्ही फोनवर सांगितलेलं. पिल्लांचं काही बोलला नाहीत नंतर."

विद्याधर पक्कडीकडे बघत राहिले.

"मी इथेच होतो. खुर्ची टाकून. तिला जाऊन दोन महिने झाले होते. दहाव्याला कावळा शिवला नव्हता, आठवतंय?"

"दुपारपर्यंत थांबलो आपण. शेवटी दर्भाचा कावळा केला."

"हां. आणि मी इथे बसलेलो त्या दिवशी एक आला. नेमका तिच्या लाटण्यावर बसला. मला वाटलं, आली." ते थांबले. "मी हात जोडले, निमिष. मी हात जोडून उभा, आणि तो एकेक अंडं काढून खातोय. हाकललंच नाही मी."

निमिषने खोक्यावरचा हात काढून शिडी धरली.

"नर तिथे तारेवर बसून ओरडत होता. मला वाटलं, गातोय."

कुंपणापलीकडे सिप्रियनकाकांनी टोपी काढून हातात घेतली.

पक्कड वर आली.

"तोड."

दोन तारा. टक. टक. विद्याधरांनी लाटणं दोन्ही हातांनी झेललं. वरून पांढऱ्या शिटेने माखलेलं, उन्हाने तडकलेलं, हलकं झालेलं. निमिष खाली उतरला, शिडी बाजूला घेतली. दोघं केळीच्या आड जाऊन उभे राहिले.

आधी कावळाच आला.

सवयीने थेट भोकाखाली उतरायला गेला. पायाला काही लागलं नाही. पंख फडफडले, नखं भिंतीवर खरडली, घसरून तो खाली आला आणि पुन्हा वर उडाला. खोक्याच्या झाकणावर जाऊन बसला. मान वाकडी करून खाली बघायला लागला.

निमिषने वडलांकडे बघितलं. त्यांचे दोन्ही हात छातीपाशी होते. हातात लाटणं होतं.

"हाड!"

एवढ्या जोरात की निमिषच दचकला. विद्याधर लाटणं उगारून केळीतून बाहेर आले होते. "हाड! चल, ऊठ! हो बाहेर!"

कावळा नारळावर गेला. तिथून पुढच्या वाडीत. विद्याधर तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. मग हात खाली आला. परत येऊन केळीच्या आड उभे राहिले. धाप लागली होती.

मग ती आली. करडी, शेपूट वर. कुंपणावर क्षणभर टेकली, इकडेतिकडे बघितलं आणि सरळ भोकात. शेवटी नुसती शेपूट दिसली. मग तीही आत.

"बसली पण नाही," विद्याधर म्हणाले.

"सांगत होतो ना."

"घरच्याला कशाला पाट."

शिडी कुंपणावरून परत गेली. निमिषने खिशातून स्कूटरची चावी काढली. "चला पप्पा, निघतो. विरारला पोचेपर्यंत ऊन होईल."

विद्याधर नळाखाली बसले होते. लाटणं काथ्याने घासत होते.

"जेवून जा."

"मग कोपऱ्यावरून पाव आणतो."

"पाव नको. पीठ आहे घरात."

"तुम्हाला येतात चपात्या?"

"नाही. तुला?"

निमिषने चावी पुन्हा खिशात टाकली. "गोल नाही येत."

विद्याधरांनी लाटणं उन्हात धरलं, फिरवून बघितलं.

"तिलाही पहिल्यांदा नव्हत्या येत."